रणकालिकेच्या बहात्तर तोफा

"पाणी कुठाय?" गोरखरावांनी विचारलं.

सौदामिनीबाई लगबगीने उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभांडं घेऊन आल्या. गोरखरावांनी भांड्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"हे न्हाई वो ताई. जहाजावरचं म्हणतोय. ह्यांच्या जहाजावर पाणी कुठं ठेवलंय?"

भोरला पोतनिसांच्या घरी त्या रविवारी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. कार्यक्रम आपला नावापुरता. पोतनिसांची सई आणि वेल्ह्याकडच्या रेणुसेंचा अद्वय शिरवळजवळच्या एका औषध कंपनीत एकाच प्रयोगशाळेत कामाला होते आणि त्यांनी एकमेकांना केव्हाच पसंत करून टाकलं होतं. जातीचा मुद्दा दोन्हीकडच्या आत्यांनी काढला होता आणि दोन्हीकडच्या आयांनी तो मोडीत काढला होता. आता दोघांच्या वडिलांनी समोरासमोर बसून पोहे खायचे, एवढंच राहिलं होतं. इतक्या सोप्या कामात काही बिघडू शकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बिघाडाला सुरुवात केली ती सईनेच, आणि तीही चांगल्या हेतूने. तिचे वडील स्वानंद पोतनीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची आठ वर्षं त्यांनी एक कादंबरी लिहिण्यात घालवली होती. जुन्या काळच्या आरमाराची कथा, पण सगळी मनाने रचलेली. तिची नायिका होती 'रणकालिका' नावाचं लढाऊ जहाज. रणकालिकेला तीन डोलकाठ्या होत्या, बहात्तर तोफा होत्या. ती वाऱ्याच्याही पुढे पळायची आणि शत्रू मागे लागला की गुडघाभर पाण्याच्या खाडीत अलगद शिरायची. पुस्तक छापून झालं, प्रकाशन झालं, नातेवाईक "वा!" म्हणाले आणि उरलेल्या प्रती पलंगाखाली गेल्या. त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई चाळिसाव्या पानावर थांबल्या होत्या. "पुढचं सावकाश वाचते," असं म्हणून त्यांना दोन वर्षं झाली होती. अद्वयचे वडील गोरखराव नौदलातून निवृत्त झालेत हे कळल्यावर सईला वाटलं, दोघांना बोलायला चांगला विषय होईल. तिने एक प्रत अद्वयच्या हाती पाठवून दिली.

गोरखरावांनी ती वाचली होती. नुसती चाळली नव्हती, वाचली होती.

"पाणी म्हणजे, पिण्याचं?" स्वानंदरावांनी विचारलं.

"मंग? बहात्तर तोफा. एका तोफेमागं पाच-सहा माणूस धरा. झाली का न्हाई चारशे डोकी? आन सबंध पुस्तकात एकानं बी घोटभर पाणी पिलं न्हाई. म्या वाट बघत हुतो, आता पितील, मंग पितील."

"अहो, कादंबरीत ते गृहीत असतं."

"आसंल. पर गृहीत धरलेल्या पाण्याला बी वजन असतंय. चारशे माणसांचं पाणी, तांदूळ, दारूगोळा आन वर ह्या तोफा. एवढं सगळं घिऊन ती गुडघाभर पाण्यात शिरती? अवो, तिचं बूड आदुगर चिखलात जाईल, मंग खाडी दिसंल!"

"आबा, पोहे खा की," अद्वय हळूच म्हणाला.

"खातोय की." गोरखरावांनी एक घास घेतला आणि चमचा पुन्हा स्वानंदरावांच्या दिशेने रोखला. "आपल्या जुन्या आरमारातल्या गुराबा कशा हुत्या? उथळ, हलक्या. तोफा मोजक्याच. म्हणून खाडीत शिरायच्या, म्हणून पळायच्या. परक्यांची जहाजं तोफांनी भरल्याली, म्हणून ती खोल दर्यातच ऱ्हायची. तोफा वाढिवल्या की जहाज जड, जड झालं की खोल, खोल झालं की खाडी बंद. तुमी तर समदंच एका जहाजात भरलंय. ते काय जहाज हाय? तरंगतं गोदाम हाय."

स्वानंदराव तसे शांत गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी कचेरीत वरिष्ठांचं ऐकून घेतलं होतं आणि घरी ब्र काढला नव्हता. पण रणकालिकेला कुणी गोदाम म्हणावं, हे ऐकून त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"रेणुसेसाहेब, तुमच्या गुराबा इतक्या गुणी होत्या, तर भर समुद्रात मोठ्या जहाजांशी समोरासमोर का भिडत नव्हत्या? सांगा ना. उथळ तळाच्या नावेला आडवा वारा लागला की ती पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. शिवाय हलक्या लाकडावर जड तोफ उडवली तर शत्रूच्या आधी आपल्याच फळ्या निखळतात. मीही वाचलंय थोडंफार."

"वाचलंय नव्हं? म्या नौदलात हुतो!"

"मी पाटबंधाऱ्यात होतो! पाणी मलाही कळतं!"

"मंग करून दावा रणकालिका! तरंगती का बघू!"

"दाखवतो! तुम्ही आणा तुमची गुराब!"

"भाटघरला!"

"भाटघरला!"

सईने अद्वयकडे पाहिलं. अद्वय पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता.

"आणि आमचं?" सईने विचारलं.

"आधी हे," स्वानंदराव म्हणाले. "ज्या घरात माझ्या आठ वर्षांच्या कामाला गोदाम म्हणतात, त्या घरात मुलगी देताना माणसाला विचार करावा लागतो."

"आन जो बाप गुडघाभर पाण्यात बहात्तर तोफा घालतो," गोरखराव म्हणाले, "त्याच्या घरची सोयरीक करताना आमाला बी करावा लागतो."

दोन्ही आया स्वयंपाकघरात गेल्या. गोरखरावांच्या पत्नी रत्नाबाई बोलायला मोकळ्याढाकळ्या होत्या. पाचेक मिनिटांत दोघी बाहेर आल्या, त्या सगळं ठरवूनच. मे महिन्यातला दुसरा रविवार धरायचा, भाटघर धरणाच्या काठी सगळ्यांनी जमायचं, पुरुषांनी आपली जहाजं सोडायची आणि तिथेच सुपारी फोडायची.

"जेवान आमी आणतो," रत्नाबाई म्हणाल्या. "जहाजं ह्यांची ह्ये आणतील."

दुसऱ्याच दिवशी स्वानंदराव बंडू सुताराकडे गेले. बंडू म्हणजे भोरमधला देव्हाऱ्यांचा कारागीर. जहाज त्याने आजवर कधी केलं नव्हतं, पण तो नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. स्वानंदरावांनी त्याला कादंबरीतलं वर्णन वाचून दाखवलं. ते ऐकता ऐकता बंडूचे डोळे चमकायला लागले.

"साहेब, मागची बाजू उंच म्हणताय ना? मग तिथं कमान काढू. कमानीवर कळस."

"कळस नको."

"छोटा काढतो."

दोन आठवड्यांनी हातभर रुंद आणि चांगली चार फूट लांब रणकालिका घरी आली, तेव्हा तिच्या मागच्या अंगाला तीन कळस होते, कमळाची वेलबुट्टी होती आणि समईसाठी एक कोनाडाही होता. कोनाडा सवयीने झाला, असं बंडू म्हणाला. तोफांसाठी स्वानंदरावांनी हार्डवेअरच्या दुकानातून पितळी बोल्ट आणले होते. बहात्तर बोल्ट तीन मजल्यांवर बसवल्यावर जहाज असं झळकलं की शेजारची सखूबाई दारातूनच हात जोडून गेली.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर स्वानंदरावांनी जहाज गच्चीवर नेलं. सिमेंटच्या मोठ्या टाकीवरचा पत्रा काढला. मनातल्या मनात कादंबरीचं पहिलं वाक्य म्हटलं आणि रणकालिका पाण्यात सोडली.

रणकालिका क्षणभर उभी राहिली. मग दमलेल्या म्हशीसारखी सावकाश डाव्या कुशीवर आडवी झाली.

त्यांनी तिला सरळ केलं. ती उजव्या कुशीवर झाली.

पुढचे दहा दिवस स्वानंदराव दुपारचे झोपले नाहीत. वर वजन जास्त होतं म्हणून त्यांनी तळाला शिसं ठोकलं. जहाज सरळ उभं राहिलं, पण इतकं खाली गेलं की तोफांच्या खालच्या रांगेतून पाणी आत येऊ लागलं. तोफांची ती भोकं लाखेने बुजवली तर खालच्या तोफा उडणार कुठून? मग बंडूकडून पोटाला दोन्ही बाजूंनी फळ्या जोडून घेतल्या. जहाज रुंद झालं, डोलेनासं झालं. पण पंख्याचा वारा सोडला तरी ते हलेना. दोरीने ओढल्यावर गोणीसारखं आलं. पळणारी रणकालिका म्हणजे सगळ्या कादंबरीचा प्राण. फळ्या काढल्या. कळस काढले. कमान काढली. मागचा मजलाच काढला, तिसरी डोलकाठी काढली. आणि शेवटी, मनाचा हिय्या करून, स्वानंदरावांनी पाना हातात घेतला.

सौदामिनीबाई चहा घेऊन वर आल्या, तेव्हा नवरा टाकीला टेकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर पितळी बोल्टांचा ढीग होता.

"किती उरल्या?" त्यांनी विचारलं.

"बारा."

सौदामिनीबाई शेजारी बसल्या. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. या माणसाने स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं. या बहात्तर तोफा तेवढ्या त्याने मागितल्या होत्या.

"बारा पण पुष्कळ होतात हो," त्या म्हणाल्या.

"नवव्या प्रकरणात सगळ्या एकदम उडतात," स्वानंदराव म्हणाले. "किनारा हादरतो. बारा तोफांनी काय हादरणार? फार तर माणसं मागे वळून बघतील."

"मग राहू द्या ना बहात्तर."

"नाही राहत. वर ठेवल्या तर उलटतं, खाली ठेवल्या तर पाणी शिरतं, रुंद केलं तर पळत नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तो माणूस बरोबर बोलत होता. पण हे त्याला कळता कामा नये."

ठरल्या रविवारी दोन्ही घरची मंडळी भाटघरच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, एका आंब्याखाली जमली. मे महिना, त्यामुळे पाणी पार मागे हटलेलं. भेगाळलेला काठ, मग ओला चिखल, मग पाणी आणि पाण्यातून मधूनच वर आलेले बाभळीचे वाळके शेंडे. पश्चिमेकडून बऱ्यापैकी वारा सुटला होता. अंबूबाई नावाच्या मासे धरणाऱ्या बाईंची होडी काठाला बांधलेली होती आणि त्या स्वतः जाळं सुकवत बसल्या होत्या.

दोन्ही जहाजं धोतरात गुंडाळून आणली होती. कुणी आधी उघडायचं यावर थोडी कुरबूर झाली. शेवटी सईने तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम कापड ओढलं.

सगळे दोन पावलं पुढे सरकले.

आंब्याखाली दोन सारखी जहाजं उभी होती. लांबीला सारखी, उंचीला सारखी. दोघांनाही दोन डोलकाठ्या. तोफा एकावर बारा, दुसऱ्यावर दहा. बाजार भरलेल्या दिवशी अदलाबदल झाली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

"बहात्तर हुत्या ना?" गोरखरावांनी विचारलं.

"काही काढल्या," स्वानंदराव म्हणाले. "आणि तुमच्या मोजक्याच होत्या ना?"

"काई घातल्या."

"मग आता पैज कशाची?" अद्वयने विचारलं.

हा प्रश्न खरा होता, पण दोघांपैकी कुणीच तो ऐकल्याचं दाखवलं नाही. जहाजांना दोरी बांधावी असं सौदामिनीबाई म्हणाल्या. बांधलेलं जहाज म्हणजे जहाजच नव्हे, यावर मात्र दोन्ही आरमारांचं एकमत झालं. दोघे गुडघ्यापर्यंत चिखलात उतरले, शिडं सोडली, आणि जहाजं वाऱ्यावर निघाली.

दृश्य मोठं सुंदर होतं. दोन्ही जहाजं तिरकी झाली, सावरली आणि शेजारी शेजारी धावू लागली. आठ वर्षं जे स्वानंदरावांच्या डोळ्यांपुढे होतं, ते बारा तोफांचं का होईना, पाण्यावर पळत होतं. त्यांच्या शिडाला साधं मांजरपाट होतं. गोरखरावांच्या जहाजाचं शीड मात्र उन्हात हिरवंगार चमकत होतं आणि त्याला लाल काठ होता.

रत्नाबाईंनी कपाळावर हात धरून बघितलं. मग त्या दोन पावलं पुढे आल्या.

"अवो, ह्ये शीड कशाचं हाय?"

"कापडाचं," गोरखराव म्हणाले.

"ती माझी इरकल हाय!"

गोरखरावांनी पायाला लागलेला चिखल निरखायला घेतला.

"सकाळधरनं सुपारीला नेसाया शोधत हुते म्या! ट्रंक उपसली, कपाट उपसलं! पदर कापलाय का पदर?"

"हलकं आन घट्ट कापड पायजे हुतं," गोरखराव क्षीण आवाजात म्हणाले. "समद्या घरात तेवढंच..."

"जावा. आत्ता जावा आन आणा!"

तोवर जहाजं बरीच पुढे गेली होती. एवढ्यात वारा फिरला, एकाचं शीड दुसऱ्याच्या डोलकाठीत अडकलं आणि दोघं गळ्यात गळा घालून गोल फिरत फिरत निघाली. अंबूबाईंनी होडीकडे बोट दाखवलं.

"न्या की. नौदलातलं हायसा म्हणं तुमी. फक्त लांब जाऊ नका."

सगळ्यांनी गोरखरावांकडे पाहिलं. गोरखरावांनी होडीकडे पाहिलं. होडीपेक्षा त्यांना त्या घडीला रत्नाबाईंची जास्त भीती वाटत असावी, कारण ते मुकाट्याने आत जाऊन बसले. वल्हं त्यांनी आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं. तो पाठमोरा माणूस बघून स्वानंदरावांना गच्चीवर टाकीला टेकून बसलेले आपले दिवस आठवले.

"थांबा, माझंही अडकलंय तिकडे," असं म्हणून तेही होडीत चढले.

होडी आधी उजवीकडे वळली. मग डावीकडे वळली. मग एक पूर्ण चक्कर मारून काठाकडेच यायला लागली. काठावरून अद्वय ओरडून काहीतरी सांगत होता, पण वाऱ्यामुळे ऐकू येत नव्हतं. शेवटी वाऱ्यालाच दया आली आणि तो होडीला ज्या बाजूला जहाजं गेली होती तिकडे ढकलत निघाला. एका सोंडेच्या आडून वळल्यावर आंबाही दिसेनासा झाला.

"दिसतंय का काही?" स्वानंदराव उभे राहिले.

होडी एकदम कलंडली.

"बसा! बसा खाली! वजन खाली घ्या!" गोरखराव किंचाळले. त्यांनी दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरल्या होत्या आणि वल्हं पाण्यावर तरंगत चाललं होतं. स्वानंदरावांनी ते कसंबसं पकडलं आणि होडीच्या तळाशी, साचलेल्या पाण्यातच बसकण मारली. होडी सावरली.

"बगितलंत?" गोरखराव धापा टाकत म्हणाले. "बुडात वजन पायजे."

"माहीत आहे. मी शिसं घातलंय."

"शिसं?"

"रणकालिकेला. तळाला. नाहीतर आडवी होत होती."

गोरखरावांनी होडीच्या कडा सोडल्या. "म्या खालनं उभी फळी मारलीया," ते म्हणाले. "खेकड्यावानी बाजूला सरकत हुती वो. आता पळती सरळ, पर खाडीत काय शिरायची न्हाई."

जहाजं एका बाभळीच्या शेंड्याला अडकून थांबली होती. होडीही आपोआप तिथेच गेली. स्वानंदरावांनी बसल्या बसल्या हात लांबवून दोन्ही जहाजं ओढून घेतली. इरकल ओली झाली होती, पण फाटली नव्हती. गोरखरावांनी ती सोडवली, पिळली, घडी घातली आणि बनियनच्या आत, छातीशी ठेवली.

मग त्यांनी वल्हं मारलं. होडी हलली नाही. पुन्हा मारलं. तरी हलली नाही.

"काय झालं?"

"रुतली जणू."

दोघांनी खाली पाहिलं. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. मोबाईल काठावर, जेवणाच्या पिशवीत होते. वर ऊन होतं, बाजूला डोंगर होते, आणि आसपास हाकेला ओ देईल असं कुणी दिसत नव्हतं.

"तुम्ही उतरून ढकला," स्वानंदराव म्हणाले. "तुम्ही नौदलातले."

गोरखरावांनी होडीच्या कडा पुन्हा घट्ट धरल्या.

"मला पोहता येत नाही हो," स्वानंदराव म्हणाले. "इतकी वर्षं धरणाच्या कामात काढली, पण पाण्याची पातळी कागदावरच बघितली."

गोरखरावांनी इकडे तिकडे पाहिलं, जणू डोंगरामागून कुणी ऐकत असावं.

"मला बी न्हाई येत."

"नौदलात असून?"

"भांडारात हुतो म्या," गोरखराव म्हणाले. "मुंबईला. दोर, रंग, खिळं, पत्रं. आमी सामान द्यायचं, जहाजं घिऊन जायाची. दोनदा चढलो जहाजावर. दोन्ही येळंला ते बांधल्यालं हुतं, तरी बी मळमळलं. गावाकडं समद्यांना वाटतं, म्या दर्या पालथा घातलाय. पयल्यांदा कुणी इचारलं तवा न्हाई म्हणाया पायजे हुतं. मंग येळ निघून गेली."

स्वानंदरावांना हसू आलं नाही. उलट त्यांना वाटलं, भांडाराच्या दारात उभं राहून सुटणाऱ्या जहाजांकडे बघणारा हा माणूस आपल्या ओळखीचाच आहे.

"मग जहाजांचं इतकं कळतं कसं?"

"वाचून. तुमच्यावानीच. नोकरीत असताना मिळंल ते वाचायचो." गोरखरावांनी मांडीवरच्या रणकालिकेवरचा एक बोल्ट अंगठ्याने पुसला. "तुमचं बी दोनदा वाचलं."

"दोनदा?"

"पयल्यांदा चुका बगाया. दुसऱ्यांदा आसंच. शेवटाला ती बुडती ना, तिच्या खलाशांचा तांडेल पाण्यात हुबा राहून तिच्याकडं बगतो, तितं..." त्यांनी नाक ओढलं. "म्या भाकरी टाकून उठलो. हिनं इचारलं, काय झालं? काय सांगू? म्हणलं, मिरची लागली."

स्वानंदरावांनी मान वळवली आणि ते बाभळीच्या शेंड्याकडे बघत बसले. तांडेल पाण्यात उभा राहतो ते पान अगदी शेवटचं होतं. तिथपर्यंत पोचलेला माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटत होता.

"पाणी टाकायला हवं होतं मी त्यात," ते म्हणाले. "पिंपं. निदान दोन ओळी."

"ऱ्हाऊ द्या. पीत आसतील कुठंतरी, तानेनं मेलं असतं तर येवढं लढलं नसतं," गोरखराव म्हणाले. यावर मात्र दोघेही हसले आणि होडी हादरली तसे पुन्हा गप्प होऊन कडा धरून बसले.

एवढ्यात सोंडेवरून आवाज आला. अंबूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय झालं वो?"

"वाचवा! होडी रुतलीय!" दोघे एकदम ओरडले.

"मंग उतरा की खाली! हितं घोट्यायेवढं पाणी हाय!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्वानंदरावांनी एक पाय बाहेर टाकला. घोटा बुडाला, मग चिखलात चप्पल गेली, ती पुन्हा काही वर आली नाही. गोरखरावही उतरले. दोघांचं वजन कमी होताच होडी चिखलातून मोकळी झाली आणि तरंगू लागली. मग एकाने दोर धरला, दुसऱ्याने मागून ढकललं, आणि आत दोन जहाजं ठेवून आरमार काठाकाठाने परत निघालं.

आंब्याखाली पोचेपर्यंत दोघेही कमरेपर्यंत चिखलाने माखले होते. तिथे पानं मांडलेली होती, आमरसाचं पातेलं उघडं होतं आणि सुपारी केव्हाच फुटली होती. उन्हात किती वेळ बसायचं, म्हणून बायकांनी उरकून घेतलं होतं. लग्नाची तारीख डिसेंबरातली धरली होती. सईच्या कपाळाला कुंकू होतं, अद्वय वाढायला घेत होता, आणि कुणी वडिलांची वाट बघत असल्याचं दिसत नव्हतं. गोरखरावांनी बनियनमधून इरकलीचा पदर काढून रत्नाबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, झटकला, नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते गिळून म्हणाल्या, "आदुगर पाय धुवा."

पाय धुऊन दोघे शेजारी शेजारी बसले. शेवटी अद्वयला राहवलं नाही.

"मग जिंकलं कोण?"

"ह्यांचं," गोरखराव म्हणाले.

"ह्यांचं," त्याच क्षणी स्वानंदराव म्हणाले.

दोघांनी हातातले घास खाली ठेवले.

"पोतनीस, उगा मोठेपणा करू नका. तुमचं वीतभर पुढं हुतं."

"अजिबात नाही. बाभळीला आधी कुणाचं लागलं? तुमचं."

"माझं वाऱ्यानं गेलं! पळालं तुमचं!"

"रेणुसे, मी कादंबरीत काय वाटेल ते लिहीन, पण जेवताना खोटं बोलणार नाही. तुमचं जिंकलं."

"मंग म्या खोटं बोलतोय? व्हय? खोट्या माणसाच्या घरात पोरगी देताय का तुमी?"

"तुम्ही मान्य करत नसाल तर विचार करावा लागेल!"

"करा की! आमी बी करतो!"

सईने डोकं धरलं. अद्वयने आमरसाचं पातेलं दोघांच्या हाताला लागणार नाही असं लांब सरकवलं. सौदामिनीबाई हातातली पोळी तशीच धरून रत्नाबाईंच्या जवळ सरकल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या,

"विहीणबाई, डिसेंबर फार लांब होतोय. पुढच्या आठवड्यातला एखादा मुहूर्त बघू या का?"